मुक्त वस्तूला बल दिलं की ती सरकते किती आणि फिरते किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवताना एक गोष्ट वर्षानुवर्षं दिसत आली आहे. सूत्रं पाठ असतात, गणितं सुटतात, पण कुठेही न अडकवलेली वस्तू समोर आली की हुशार मुलंसुद्धा मनातल्या मनात तिला एक बिजागरी बसवून टाकतात. आपण लहानपणापासून दारं, खिडक्या, चाकं, पंखे पाहतो. फिरणारी प्रत्येक गोष्ट कुठेतरी खिळलेली असते, म्हणून न खिळलेली वस्तू कशी वागते याची सवयच नसते. खालचे प्रश्न मुलांनी, पालकांनी आणि काही शिक्षकांनी पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत. पाठ्यपुस्तकात ‘जडत्व आघूर्ण’ असेल, शिकवणीत ‘मोमेंट ऑफ इनर्शिया’ असेल; मी इथे जडत्व आघूर्णच म्हणतो, म्हणजे वस्तू फिरवायला किती जड जाते त्याचं माप. ‘टॉर्क’ला, म्हणजे बलाच्या फिरवण्याच्या परिणामाला, मात्र टॉर्कच म्हणतो, कारण सगळे तेच म्हणतात.

मुक्त दृढ वस्तू म्हणजे नक्की काय?

दृढ म्हणजे जिच्या कोणत्याही दोन कणांमधलं अंतर बदलत नाही अशी. वाकत नाही, दबत नाही, ताणली जात नाही. मुक्त म्हणजे तिला कुठलाही खिळा, बिजागरी, आस किंवा टेकू नाही. शंभर टक्के अशी वस्तू जगात नसते, पण जवळपास पोचणाऱ्या बऱ्याच असतात: हवेत भिरकावलेली पट्टी, बर्फावरून घसरणारी चकती, कक्षेत फिरणारं यान.

हवेतल्या वस्तूवर गुरुत्वाकर्षण असतंच, मग ती मुक्त कशी, असं लगेच विचारलं जातं. एवढ्या लहान वस्तूसाठी गुरुत्वबल प्रत्येक कणावर त्याच्या वस्तुमानाच्या प्रमाणात लागतं, त्यामुळे एकूण परिणाम वस्तुमानकेंद्रातून (वस्तूचं सगळं वस्तुमान जिथे एकवटलंय असं मानता येतं त्या बिंदूतून) जातो आणि टॉर्क शून्य येतो. वस्तू खाली पडते, पण त्या पडण्याने तिचं फिरणं वाढतही नाही आणि कमीही होत नाही. फिरण्यापुरती ती मुक्तच.

टोकाला बल दिलं तर थोडं बल फिरवण्यात खर्च होतं आणि वस्तू पुढे कमी जाते. बरोबर ना?

नाही. सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त चुकणारा प्रश्न हाच, म्हणून इथे थोडं थांबू.

बल खर्च होत नाही. पैशासारखे त्याचे वाटे पडत नाहीत. ६ न्यूटन बल मध्यावर द्या किंवा टोकाला द्या, वस्तुमानकेंद्राचं त्वरण एकच: बल भागिले वस्तुमान. बल कुठे लागलं हे या समीकरणाला माहीतच नसतं.

का, ते समजून घ्या. वस्तू म्हणजे असंख्य कण. प्रत्येक कणाला न्यूटनचा दुसरा नियम लावा आणि सगळी समीकरणं एकत्र मिळवा. कण एकमेकांना ओढतात-ढकलतात, पण ती बलं जोडीने येतात: या कणाने त्याला जितकं ढकललं तितकंच त्याने याला उलट ढकललं. बेरजेत प्रत्येक जोडी रद्द होते. उरतं फक्त बाहेरून लावलेलं बल. दुसऱ्या बाजूला सगळ्या कणांच्या वस्तुमान गुणिले त्वरणाची बेरीज असते, आणि ती म्हणजे एकूण वस्तुमान गुणिले वस्तुमानकेंद्राचं त्वरण. या हिशेबात ‘कुठे’ हा शब्द एकदाही येत नाही.

‘कुठे’ला महत्त्व येतं ते दुसऱ्या, स्वतंत्र हिशेबात. वस्तुमानकेंद्रापासून बलाच्या क्रियारेषेचं लंब अंतर गुणिले बल, म्हणजे टॉर्क. टॉर्क भागिले जडत्व आघूर्ण, म्हणजे कोनीय त्वरण. ही दोन वेगळी खाती आहेत. एकाच बलाची नोंद दोन्हीत पूर्णच्या पूर्ण होते. एकात लिहिली म्हणून दुसऱ्यातून वजा होत नाही.

पटायला जड जातं त्यांच्यासाठी एक रचना. बर्फाच्या सपाट लादीवर अगदी सारख्या दोन चकत्या ठेवा. एकच दोरा घ्या. त्याचं एक टोक पहिल्या चकतीच्या मध्यावर बांधा, दुसरं टोक दुसऱ्या चकतीच्या कडेभोवती गुंडाळा. दोऱ्याचा मधला भाग एका हलक्या कप्पीवरून घ्या आणि कप्पी ओढा. दोरा एकच असल्यामुळे दोन्हीकडे ताण सारखा. पहिली चकती नुसती सरकत येते. दुसरी गरगर फिरत, दोरा सोडत येते. दोघींचे मध्य मात्र शेवटपर्यंत बरोबरीने येतात.

पण फिरणाऱ्या चकतीत जास्त ऊर्जा आहे. ती आली कुठून?

दोऱ्यातून. कार्य म्हणजे बल गुणिले ज्या बिंदूवर बल लागलं त्या बिंदूने कापलेलं अंतर. मध्यावर बांधलेला दोरा मध्याइतकाच पुढे गेला. गुंडाळलेला दोरा मध्याइतका पुढे गेला आणि शिवाय उलगडलाही. बल तेवढंच, अंतर जास्त, म्हणून कार्य जास्त. वरच्या रचनेत कप्पीच्या एका बाजूने जास्त दोरा निघून जाताना डोळ्यांनी दिसतो.

एकसारख्या जाडीच्या सरळ दांडीच्या टोकाला आडवा ठोसा दिला तर आकडे फार सुंदर येतात. मध्याला जो वेग मिळतो त्याच्या चौपट वेग ठोसा खाल्लेल्या टोकाला मिळतो. दुसरं टोक मध्याच्या दुप्पट वेगाने उलट, म्हणजे मागे येतं. एकूण गतिज ऊर्जेतला एक भाग सरकण्यात आणि तीन भाग फिरण्यात. तोच ठोसा, म्हणजे तेवढंच बल तेवढाच वेळ, मध्यावर दिला असता तर फक्त तो पहिला एक भाग मिळाला असता.

इथे अनुभव आणि सिद्धांत यांचं भांडण का वाटतं तेही सांगतो. बोटाने टिचकी मारल्यावर टोकाला मारलेली पट्टी खरोखरच कमी पुढे जाते. मुलं म्हणतात, सर, तुमचा नियम चुकला. पण टिचकीत आपण ‘तेच बल तेवढाच वेळ’ देत नाही. टोक झटकन पळून जातं, बोटाला टेकायला काही उरत नाही, आणि स्पर्श लवकर संपतो. बल गुणिले वेळ, म्हणजे आवेग, मुळातच कमी पोचतो. तोच आवेग टोकाला द्यायचा तर बोटाला पळत्या टोकाचा पाठलाग करावा लागेल.

हे घरी करून बघता येईल का?

कॅरम बोर्ड आणि बोरिक पावडर असेल तर दहा मिनिटांत. पावडरीमुळे घर्षण इतकं कमी होतं की पहिल्या क्षणापुरती पट्टी मुक्त मानायला हरकत नाही.

३० सेंटीमीटरची जाड लाकडी फूटपट्टी घ्या. स्टीलची पातळ पट्टी चालत नाही, ती सोंगटीच्या गोलसर कडेखाली शिरते आणि सगळा प्रयोग फसतो. पट्टी बोर्डच्या मधोमध आडवी ठेवा. तुमच्या पलीकडच्या बाजूला, पट्टीपासून दोन-तीन मिलिमीटर अंतरावर, एक काळी सोंगटी १० च्या खुणेसमोर आणि एक पांढरी २० च्या खुणेसमोर ठेवा. अलीकडच्या बाजूला, २८ च्या खुणेजवळ, राणी ठेवा. आता स्ट्रायकर पट्टीच्या शून्याच्या टोकावर सरळ मारा.

काळी सोंगटी पुढे जाते, यात नवल नाही. राणी तुमच्या दिशेने मागे येते. तुम्ही पुढे मारलं आणि पट्टीने राणीला मागे फटकारलं! २० समोरची पांढरी सोंगटी पहिल्या क्षणी जागची हलत नाही. नंतर फिरत आलेल्या पट्टीचा धक्का तिला लागू शकतो, म्हणून नजर पहिल्या क्षणावर ठेवा. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण केलं तर २० ची खूण पहिल्या काही चौकटींत जवळजवळ स्थिर दिसते. एकदा हे पाहिलेला मुलगा पुन्हा कधी ‘बल वाटलं जातं’ म्हणत नाही, असा माझा अनुभव आहे.

ही २० ची खूण आली कुठून?

पट्टीच्या प्रत्येक बिंदूचा वेग म्हणजे दोन वेगांची बेरीज. एक सरकण्याचा, जो सगळ्या बिंदूंना सारखाच आणि पुढे. दुसरा फिरण्याचा, जो मध्यापासूनच्या अंतराच्या प्रमाणात: मारलेल्या अर्ध्या भागात पुढे, दुसऱ्या अर्ध्या भागात मागे. दुसऱ्या बाजूला कुठेतरी पुढचा आणि मागचा वेग सारखे होतात आणि बेरीज शून्य येते. सरळ, एकसारख्या दांडीत तो बिंदू मध्यापलीकडे लांबीच्या एक षष्ठांशावर असतो. ३० सेंटीमीटरची पट्टी, मध्य १५, त्यात ५ मिळवा: २०.

तुम्ही मध्याच्या जितकं जवळ माराल तितका हा स्थिर बिंदू दूर पळतो. लांबीच्या एक तृतीयांशावर, म्हणजे १० च्या खुणेवर मारलं तर तो थेट दुसऱ्या टोकावर, ३० वर येतो. त्याहून मध्याकडे मारलं तर तो पट्टीच्या बाहेर जातो. नेमक्या मध्यावर मारलं तर असा बिंदूच नाही, पट्टी न फिरता सरकते.

मग वस्तू फिरते ती वस्तुमानकेंद्राभोवती की या स्थिर बिंदूभोवती?

दोन्ही वर्णनं बरोबर आहेत, पण दुसरं फक्त क्षणभरापुरतं. पुढच्याच क्षणी पट्टी थोडी वळलेली असते आणि स्थिर बिंदू बदलतो. वस्तुमानकेंद्र मात्र धक्का संपल्यावर सरळ रेषेत, एकसमान वेगाने जात राहतं आणि बाकी सगळे बिंदू त्याच्याभोवती सतत एकाच गतीने फिरतात. म्हणून हिशेबाला वस्तुमानकेंद्र सोयीचं.

आणखी एक मजा. टोकाला मारलेली दांडी, घर्षण अजिबात नसेल तर, एक पूर्ण फेरी घेईपर्यंत स्वतःच्या लांबीच्या साधारण १.०५ पट पुढे जाते. ३० सेंटीमीटरची पट्टी ३१.४ सेंटीमीटर. हळू मारा, जोरात मारा, हा आकडा बदलत नाही, कारण जोर वाढला की सरकणं आणि फिरणं दोन्ही एकाच प्रमाणात वाढतात.

बॅटवर चेंडू ‘गोड’ जागी लागला की हाताला झिणझिण्या येत नाहीत. त्याचा याच्याशी संबंध आहे का?

सरळ संबंध आहे. चेंडू लागण्याच्या क्षणी बॅट जवळपास मुक्त वस्तूसारखी वागते, कारण हातांची पकड त्या धक्क्यापुढे फार मऊ असते. चेंडू अशा जागी लागला की स्थिर बिंदू नेमका मुठीत येतो, तर मुठीला ना पुढे हिसका ना मागे. चेंडू त्याच्या खाली, टोकाकडे लागला तर मूठ एका दिशेने उडते. वर लागला तर दुसऱ्या दिशेने. एकसारख्या दांडीला एका टोकाशी धरलं तर ही जागा धरलेल्या टोकापासून दोन तृतीयांशावर येते. बॅट खाली जाड आणि जड असते, त्यामुळे तिची जागा वेगळी. शिवाय बॅट पूर्णपणे दृढ नाही, ती थरथरतेही, आणि झिणझिण्यांमध्ये त्या थरथरीचा मोठा वाटा असतो. चांगल्या बॅटमध्ये या दोन्ही गोड जागा एकमेकींच्या जवळ असतात.

बिजागरी असली आणि नसली, यात आकड्यांनी किती फरक पडतो?

२ किलोची, १.२ मीटर लांब, सरळ दांडी घ्या. एका टोकाला ६ न्यूटन, आडवं.

मुक्त दांडी: मध्याचं त्वरण ६ ÷ २ = ३ मीटर प्रति सेकंद वर्ग. मध्याभोवतीचं जडत्व आघूर्ण म्हणजे वस्तुमान गुणिले लांबीचा वर्ग भागिले १२, म्हणजे ०.२४. टॉर्क ६ × ०.६ = ३.६. कोनीय त्वरण ३.६ ÷ ०.२४ = १५ रेडियन प्रति सेकंद वर्ग. बल लावलेल्या टोकाचं त्वरण ३ + १५ × ०.६ = १२.

आता दुसऱ्या टोकाला बिजागरी बसवा. जडत्व आघूर्ण टोकाभोवती ०.९६, टॉर्क ७.२, कोनीय त्वरण ७.५. ओढलेल्या टोकाचं त्वरण ७.५ × १.२ = ९. मध्याचं त्वरण ७.५ × ०.६ = ४.५.

हा शेवटचा आकडा नीट पाहा. मध्याचं त्वरण ३ वरून ४.५ झालं. म्हणजे दांडीवर एकूण बल २ × ४.५ = ९ न्यूटन हवं, आणि आपण तर ६ च दिलं. उरलेलं ३ न्यूटन बिजागरीने दिलं, तेही आपल्याच दिशेने. कारण मुक्त असती तर दांडीचं ते टोक मागे गेलं असतं. बिजागरी त्याला मागे जाऊ देत नाही, म्हणजे पुढे ढकलते. बिजागरी नुसती धरून ठेवते असं वाटतं, पण ती बल देते. गणितात ते बल विसरलं की उत्तर चुकतं.

परीक्षेत टॉर्क कोणत्या बिंदूभोवती घ्यायचा?

मुक्त वस्तू असेल तर वस्तुमानकेंद्राभोवती. डोळे मिटून. स्थिर बिजागरी असेल तर बिजागरीभोवती चालतं. स्वतःला त्वरण असलेल्या भलत्या बिंदूभोवती ‘टॉर्क = जडत्व आघूर्ण × कोनीय त्वरण’ लिहिलं की एक जास्तीचं पद सुटतं आणि गुण जातात. वस्तुमानकेंद्राला त्वरण असलं तरी हे सूत्र तिथे टिकतं, हा त्या बिंदूचा खास गुण आहे.

धक्क्याला लागलेल्या होडीचं पुढचं टोक ढकललं तर मागचं धक्क्यावर का आपटतं?

राणी मागे का आली, त्याच कारणाने. पाण्याचा विरोध असल्यामुळे आकडे बदलतात, पण दिशा तीच. होडी अंगासकट बाहेर काढायची तर मधोमध रेटा द्यावा लागतो, किंवा दोघांनी दोन टोकांना.

दोन समान आणि विरुद्ध बलं लावली तर?

यालाच बलयुग्म म्हणतात. १८०३ मध्ये फ्रेंच गणितज्ञ लुई प्वांसो यांनी या कल्पनेला स्वतंत्र स्थान दिलं. एकूण बल शून्य, म्हणून वस्तुमानकेंद्र हलत नाही. टॉर्क मात्र आहे, म्हणून वस्तू जागच्या जागी फिरते.

मुलांना चकित करणारी गोष्ट पुढची: हे बलयुग्म वस्तूवर कुठेही लावा, परिणाम तोच. लांब दांडीच्या अगदी एका टोकाशी, दोन बोटांच्या चिमटीत बलयुग्म दिलं तरी मुक्त दांडी त्या चिमटीभोवती फिरणार नाही, आपल्या मध्याभोवतीच फिरेल. चिमटीतलं टोक हातातून निसटायला बघेल. दार चावीच्या भोकाभोवती का फिरत नाही, तसंच हे. फक्त इथे बिजागरी निसर्गाने वस्तुमानकेंद्रात बसवल्यासारखी वाटते.

रॉकेटचं इंजिन वर बसवलं तर ते लोंबत्या वजनासारखं सरळ राहील का?

असं रॉबर्ट गॉडर्ड यांनाही वाटलं होतं. १६ मार्च १९२६ रोजी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ऑबर्न इथे त्यांनी द्रव इंधनाचं जगातलं पहिलं रॉकेट उडवलं, त्यात इंजिन वर आणि टाक्या खाली होत्या. वरून ओढलं की खालचं वजन आपोआप सरळ राहील हा त्यामागचा विचार.

तो विचार चुकीचा आहे. लोलक सरळ येतो कारण त्याचा टेकू छताला खिळलेला असतो आणि दोरीचं बल नेहमी त्या टेकूकडे असतं. रॉकेटचं इंजिन रॉकेटलाच जोडलेलं आहे. रॉकेट तिरकं झालं की जोराची दिशाही तेवढीच तिरकी होते, क्रियारेषा वस्तुमानकेंद्रातूनच जाते आणि सरळ करणारा टॉर्क तयारच होत नाही. क्रियारेषेवर बल कितीही वर किंवा खाली सरकवलं तरी दृढ वस्तूला काही फरक पडत नाही. गॉडर्ड यांनी पुढच्या रॉकेटांत इंजिन खालीच बसवलं. इतक्या मोठ्या प्रयोगकर्त्यालाही न दिसणारी बिजागरी फसवून गेली, हे मी मुलांना आवर्जून सांगतो. चूक झाली की मुलांचा चेहरा पडतो. तो पडू नये.

विटीच्या टोकावर दांडू मारला की विटी वर का उडते? बल तर खाली दिलं!

प्रश्न अगदी मर्मावर आहे. विटी मुक्त असती, म्हणजे अधांतरी असती, तर टोकावर खाली मारल्यावर तिचं वस्तुमानकेंद्र खालीच गेलं असतं. दुसरं टोक वर आलं असतं, पण सगळी विटी वर उडाली नसती. ती उडते जमिनीमुळे. विटी दोन्ही टोकांना निमुळती असते, त्यामुळे मधला जाड भाग जमिनीवर टेकलेला आणि टोकं किंचित वर. टोकावर फटका बसला की जाड भाग जमिनीवर दाबला जातो आणि जमीन तिला उलट, वर ढकलते. जमिनीचा हा आवेग दांडूच्या आवेगापेक्षा मोठा असेल तरच विटी उसळते. म्हणूनच टणक जमिनीवर विटी छान उडते आणि वाळूत नुसती रुतून बसते.

एकदा उसळली की मात्र ती खरीखुरी मुक्त वस्तू. तिची गरगर त्याच लयीत चालू राहते, मध्य साध्या फेकलेल्या दगडासारखा वर जाऊन खाली येतो, आणि खेळणारा त्या मध्यावर नजर ठेवून टोला मारतो. विटीच्या टोकाला लागलेला टोला लांब का जात नाही, हे आता वेगळं सांगायला नको: दांडूसमोर विटीचं संपूर्ण वस्तुमान उभं राहतच नाही. मुक्त दांडीचं टोक धक्क्याला फक्त एक चतुर्थांश वस्तुमानासारखं वाटतं.

अंतराळयानं कशी वळतात?

तिथे बिजागरी कुठूनही मिळत नाही, म्हणून हे सगळे नियम शुद्ध रूपात दिसतात. फक्त वळायचं असेल तर विरुद्ध बाजूंचे दोन छोटे थ्रस्टर (वायूचा झोत सोडणारी छोटी इंजिनं) विरुद्ध दिशांना चालवायचे: बलयुग्म. एकच थ्रस्टर चालवला तर यान वळतंही आणि थोडं सरकतंही. चांद्रयान-३ च्या विक्रम लँडरवर उतरण्यासाठी ८०० न्यूटनची चार इंजिनं होती आणि तोल सांभाळण्यासाठी ५८ न्यूटनचे आठ छोटे थ्रस्टर. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी आपण सगळे पडद्यावर खाली येणारा आलेख पाहत होतो, तेव्हा आडवं उडणारं यान उभं करण्याचं काम सुरू होतं, आणि त्यामागे हेच दोन हिशेब होते. इंधन जळत जातं तसं वस्तुमानकेंद्र सरकतं आणि जडत्व आघूर्णही कमी होतं, म्हणून तोच टॉर्क शेवटी शेवटी जास्त फिरवतो.

याची भयंकर बाजू १६ मार्च १९६६ रोजी दिसली, गॉडर्ड यांच्या उड्डाणाला बरोबर ४० वर्षं झाली त्या दिवशी. अमेरिकेच्या जेमिनी ८ या यानात नील आर्मस्ट्राँग आणि डेव्हिड स्कॉट होते. अजिना या यानाला जोडणी झाली, इतिहासातली पहिली, आणि थोड्या वेळाने जोडी फिरू लागली. दोष अजिनाचा असेल असं समजून त्यांनी जोडणी सोडली. फिरणं आणखी वाढलं. कारण दोष जेमिनीच्याच एका अडकून सुरू राहिलेल्या थ्रस्टरमध्ये होता, आणि अजिना सुटल्यावर जडत्व आघूर्ण खूप कमी झालं. तोच टॉर्क आता एकट्या हलक्या यानाला फिरवत होता. फिरणं सेकंदाला सुमारे एका फेरीपर्यंत गेलं, नजर अंधूक होऊ लागली. आर्मस्ट्राँग यांनी मुख्य थ्रस्टर बंद करून परतीसाठी राखून ठेवलेले थ्रस्टर वापरले आणि यान थांबवलं. मोहीम लवकर संपवून दोघं सुखरूप परतले.

बाहेरून बल न देता वळता येतं का?

दृढ वस्तूला नाही. आत फिरणारं चाक बसवलं तर येतं: चाक एका बाजूला फिरवा, यान उलट फिरतं. उलटी पडलेली मांजर पायांवर उतरते तीही दृढ नसल्यामुळेच.

पुस्तक हवेत फिरवलं की ते मध्येच पलटी का खातं? बल तर कुणीच दिलं नाही.

जाड पुठ्ठ्याचं पुस्तक घ्या, उघडू नये म्हणून रबर लावा. ते तीन प्रकारे फिरवून वर उडवता येतं. उभ्या, लांब आसाभोवती: नीट फिरतं. टेबलावर भिंगरीसारखं फिरेल तसं, म्हणजे जाडीच्या आसाभोवती: नीट फिरतं. तिसरं, दोन्ही हातांनी खालची कड धरून, मुखपृष्ठ स्वतःकडे ठेवून कोलांटीसारखं उडवा. परत हातात येईपर्यंत त्याने कूस बदललेली असते आणि मलपृष्ठ समोर येतं. कितीही काळजी घ्या, होतंच. सोव्हिएत अंतराळवीर व्लादिमीर झानिबेकोव्ह यांनी १९८५ मध्ये साल्युत ७ या अंतराळस्थानकावर एका पंखांच्या नटमध्ये हे पाहिलं. मात्र त्यामागची समीकरणं लिओनार्ड ऑयलर यांनी अठराव्या शतकातच लिहून ठेवली होती.

कारण समजायला डोंगराचा नकाशा उपयोगी पडतो. ट्रेकला जाणाऱ्यांनी समोच्च रेषांचा नकाशा पाहिलेला असतो. शिखराभोवती त्या रेषा छोट्या बंद वळ्यांसारख्या असतात, खोलगट भागाभोवतीही तशाच. पण खिंडीत? तिथे दोन बाजूंना चढ आणि दोन बाजूंना उतार. खिंडीजवळून निघालेली समोच्च रेषा तिथल्या तिथे बंद होत नाही, ती डोंगराला वळसा घालून लांब निघून जाते.

मुक्त वस्तूचा कोनीय संवेग (ढोबळपणे, जडत्व आघूर्ण गुणिले फिरण्याचा वेग) बदलत नाही. तोच कोनीय संवेग ठेवून वस्तू वेगवेगळ्या आसांभोवती फिरू शकते, आणि प्रत्येक आसाला फिरण्याची ऊर्जा वेगळी लागते. या ऊर्जेला उंची समजा. सर्वांत लहान जडत्व आघूर्णाचा आस म्हणजे शिखर, सर्वांत मोठ्याचा म्हणजे खोलगट भाग, आणि मधल्याचा म्हणजे खिंड. ऊर्जाही कायम राहते, म्हणून वस्तूला समोच्च रेषेवरूनच चालावं लागतं. शिखराजवळ थोडी चूक झाली तरी ती छोट्या वळ्यातच घुटमळते. खिंडीत केसाएवढी चूक झाली तर रेषा तिला पलीकडच्या बाजूच्या दुसऱ्या खिंडीपर्यंत घेऊन जाते. ती दुसरी खिंड म्हणजे पलटलेलं पुस्तक.

म्हणजे सर्वांत लहान आसाभोवती फिरणारी वस्तू कायम तशीच फिरत राहील?

पूर्ण दृढ असेल तर हो. अमेरिकेचा पहिला उपग्रह एक्सप्लोरर १, ३१ जानेवारी १९५८ रोजी पेन्सिलीसारख्या आपल्या लांब आसाभोवती मिनिटाला ७५० फेऱ्या घेत कक्षेत गेला. वरच्या नकाशावर तो शिखरावर होता. पण त्याच्या अंगाला चार लवचिक तारांचे अँटेना होते. त्या तारा लवत-हलत राहिल्या, आणि प्रत्येक हलण्यात थोडी ऊर्जा उष्णता होऊन गेली. कोनीय संवेग तेवढाच, ऊर्जा मात्र झिरपत गेलेली. वस्तू समोच्च रेषा सोडून हळूहळू उतरू लागली, वळ्यामागून वळं मोठं होत गेलं, आणि काही तासांत पेन्सिलीसारखा फिरणारा उपग्रह टोकावरून टोकावर कोलांट्या घेऊ लागला. तो खोलगट भागात पोचला होता. त्यानंतर फिरवून स्थिर ठेवायचे उपग्रह आखताना साधा नियम झाला: बुटक्या डब्यासारखा आकार द्या आणि सर्वांत मोठ्या जडत्व आघूर्णाच्या आसाभोवती फिरवा.